दुसरी पाटी तेवढी द्या

"एका पाटीचे साडेतेरा हजार नायरा, आणि दहा घेतल्या तर सत्तावीस हजार?" अल्हाजा मुलिकात यांनी चष्मा कपाळावर चढवला. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई ती. "म्हणजे पुढच्या नऊ पाट्या दीड-दीड हजाराला पडल्या. असं कर गनियू, पहिली तुझ्याकडेच ठेव. मला दुसरी तेवढी दे."

गनियूने शाईचे हात फडक्याला पुसले. लेगोसच्या शोमोलू भागातल्या या गल्लीत अकरा वर्षं तो स्क्रीन प्रिंटिंग करत होता, पण असा हिशोब त्याच्या टेबलावर कधी आला नव्हता. "अल्हाजा, चौकट, जाळी, फिल्म धरून नुसती स्क्रीनच बारा हजाराला पडते. मग एक छापा की शंभर. पहिलीशिवाय दुसरी कशी येणार?"

"तीन लेकरं झालीत मला. पहिलं-दुसरं मला नको शिकवूस."

एरवी गनियूने यावर तासभर घासाघीस केली असती. पण सोमवारपासून त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. घरमालक पापा फाग्बेमी रोज टेप घेऊन अंगण मोजून घेत होते. विचारलं तर म्हणत, "मोजल्याने जमीन झिजते का रे?" गिऱ्हाईक ठरलंय आणि शुक्रवारी पैसे घेऊन येणार, हे गल्लीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. इमारत विकली की गनियूचं दुकान गेलंच म्हणायचं. जुनी गिऱ्हाइकं त्याला नव्या जागी शोधत थोडीच येणार होती? या विचाराने त्याला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

अल्हाजांची काळजीही खोटी नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला त्या तीन महिने अबुजाला निघाल्या होत्या आणि मागे घरात राहणार होता त्यांचा गोडबोल्या भाचा. लेगोसमध्ये मालक बाहेरगावी गेला की त्याचं घर दोघा-तिघांना विकून मोकळं होणारे महाभाग कमी नाहीत. म्हणून फाटकावर पाटी हवी: 'हे घर विकायचे नाही. ठकांपासून सावध.'

शेवटी अल्हाजांनी दहा पाट्या घेतल्या. संध्याकाळच्या आत त्यातल्या नऊ तीन-तीन हजाराला शेजाऱ्यांच्या गळ्यात मारल्या. स्वतःची फुकट पडली.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर ही झुंबड! "दहा घरांवर पाटी आणि माझं उघडं," एक जण तावातावाने म्हणाला. "म्हणजे ज्याच्यावर पाटी नाही ते विकायचंय, असंच समजणार ना लोक? मला आजच्या आज पाहिजे!" आणि दीड हजाराच्या वर कोणी छदामही द्यायला तयार नव्हतं. "स्क्रीनचे पैसे अल्हाजांनी दिलेत की! आमच्याकडून पुन्हा कशाला?"

गनियू याचं उत्तर शोधतोय तोवर खुद्द अल्हाजा भुईमुगाच्या शेंगांची पुडी घेऊन बाकावर येऊन बसल्या. "स्क्रीनचे पैसे मी दिले ना? मग स्क्रीन माझी. प्रत्येक पाटीमागे पाचशे मला."

"मग मला काय उरलं?"

"पुण्य."

शुक्रवारपर्यंत साठ पाट्यांची मागणी झाली. गनियू शाई पसरायची रबराची पट्टी ओढून ओढून खांद्यातून निखळायला आला होता. फायदा बेताचाच, पण हात चालू असले की टेप डोळ्यांसमोर येत नसे. त्यातच लाइट गेली आणि पंखे थांबले. आतल्या फळ्या भरलेल्या, शाई ओली. दुसरा उपाय नव्हता. त्याने बाहेरच्या भिंतीवर रांगेत खिळे ठोकले आणि चाळीस पाट्या उन्हात वाळत टाकल्या.

तेवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबली. कडक इस्त्रीचा घोळदार अगबाडा झगा घातलेले पापा फाग्बेमी पुढे धावले. गाडीतून घर घ्यायला आलेले चीफ ओन्येमा उतरले, पाठोपाठ वकील आणि पैशांची बॅग. चीफनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीने त्यांना चाळीस वेळा सांगितलं की हे घर विकायचं नाही.

"पापा, हे काय?"

"ते? ते... भाडेकरूचे उद्योग. घर माझंच आहे, देवाशपथ!"

"मागच्या वर्षी ज्याने मला बुडवलं, तोही देवाचीच शपथ घेत होता," चीफ म्हणाले आणि बॅग छातीशी धरून गाडीत बसले. गाडी इतक्या घाईने मागे वळली की गटाराचा काठ गेला. गनियूने दारातून हे सगळं पाहिलं. आता नोटीस नव्हे, थेट सामानच रस्त्यावर येणार.

तासाभराने पापा आले. ओरडले मात्र नाहीत. बाकावर अल्हाजांशेजारी बसले आणि म्हणाले, "गनियू, एक पाटी छाप. 'हे घर विकायचे', एवढंच. नवी स्क्रीन नको. आहे तिच्यातल्या 'नाही'वर चिकटपट्टी मार. दीड हजार देतो."

चिकटपट्टी टेबलावरच पडली होती. पाच मिनिटांचं काम. पण गनियूला खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं बोललं तर दुकान जात होतं. तो पुटपुटला, "स्क्रीन... स्क्रीन अल्हाजांची आहे, पापा."

अल्हाजांनी शेंग फोडली. "माझी स्क्रीन फुकट नाही मिळायची. एका पाटीचे साडेतेरा हजार."

"एकीचे?"

"दहा घ्या. सत्तावीस हजारात देते."

"दहा घेऊन काय करू? घर एकच आहे माझं!" पापांनी बोटांवर हिशोब केला आणि त्यांचा चेहरा खुलला. "मग असं करा. दुसरी तेवढी द्या."

"पापा," अल्हाजा शांतपणे म्हणाल्या, "पहिलीशिवाय दुसरी येत नसते. आणि खाली 'ठकांपासून सावध' राहणारच आहे. कोण घेईल ते घर?"

पापांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बाहेर भिंतीवर पाट्या खडखडत होत्या. "तो चीफ आता बाजारभर सांगत सुटेल मी ठक आहे म्हणून," ते हताशपणे म्हणाले. "उद्या कोणी खराच ठक येऊन माझंच घर विकायचा. गनियू, एखादी पाटी खराब निघाली असेल ना? फुकटातली?"

शाई फिसकटलेली एक कोपऱ्यात होती. दुकानाच्या अकरा वर्षांत गनियूने पहिल्यांदाच भाव न सांगता माल दिला. पापांच्या भिंतीवर ती बसवायला चार खिळे पुरले असते. त्याने नऊ ठोकले, तेही सगळ्यात लांब.