सुशीलाक्कांना हॅकर गावला

आमच्या शेजारच्या सुशीलाक्का दारात आलेल्या माणसाला आधी "पासवर्ड?" विचारतात. दूधवाल्यालाही सोडत नाहीत. तो बिचारा "दूध" म्हणतो. "लई सोपा हाय, बदल," म्हणत त्या पातेलं पुढं करतात.

हे खूळ एका कादंबरीचं. आमच्या खासबाग भागातल्या वाचनालयात मुखपृष्ठावरचा चंद्र बघून त्यांना ते संकष्टीचं पुस्तक वाटलं. निघाली हॅकरांची गोष्ट. चार टवाळ पोरं चंद्रावरच्या वसाहतीच्या कॉम्प्युटरमध्ये घुसतात आणि पहाऱ्यावरचे यंत्रमानव बंदुका टाकून फुगड्या घालायला लागतात. आक्का ती रोज दुपारी मोठ्यानं वाचतात. उभा जन्म घरातल्या विणायच्या मागाच्या खडखडाटात गेल्यामुळं त्यांचं हळू बोलणंही पार लांबच्या कॅम्प भागात ऐकू जावं. मध्येच थांबून हॅकरांना दम भरतात, "आरं, मागनं शिपाई येतोय, बघ की रं!"

परवा मी त्यांच्याकडं बसले होते, तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. आक्का नेहमी स्पीकरवरच बोलतात. पलीकडून एक पोरगा म्हणाला, "बँकेतून बोलतोय. तुमचं खातं बंद पडणार आहे. मेसेजमधला नंबर सांगा."

मी हातानं नको नको केलं. आक्कांचा चेहरा मात्र उजळला.

"हॅकर काय रं तू?"

"अं... बँकेतून..." तो अडखळला.

"भिऊ नको. बरं झालं गावलास. यंत्रमानवाला फुगडी घालाय लावाय येतं व्हय तुला?"

"आजी, नंबर..."

"थांब की. आधी हे ऐक."

चष्मा चढवून त्यांनी अख्खं प्रकरण वाचून दाखवलं. त्यानं दोनदा नंबर मागितला, दोनदा आक्कांनी त्याला गप्प केलं. फुगडीपाशी तो चक्क हसला. "जेवलास काय रं?" असं विचारल्यावर मात्र त्यानं फोन ठेवला.

"आक्का, जिंकलात!" मी म्हटलं. "आणा, त्याचा नंबर ब्लॉक करते."

"ऱ्हाऊ दे गं. खुळी न्हाय मी, त्येला काय सांगणार न्हाय." त्यांनी चष्मा पुसला. "माग विकल्यापासनं घर लई गप झालंय. लेक फोन करतोय, 'बरी हाईस न्हवं?' म्हणतोय, ठेवतोय. एवढं बसून कुणी ऐकलंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचण्याचा आवाज आला नाही. खिडकीतून डोकावले. पुस्तक मिटलेलं, मोबाइल मांडीवर, आणि आक्का त्याच्याकडं बघत बसलेल्या.

मी हाक मारली नाही. घरी आले आणि भिंतीपलीकडं फोन लावला.

"कोण?"

"मी, आक्का. त्या यंत्रमानवांचं पुढं काय झालं?"

मग फोनमधून आणि भिंतीतून एकदमच आक्कांचा आवाज आला, "बस नीट. पहिल्यापासनं सांगते."