ग्रानलुंड, १९८७

प्रबंधाला खिळा ठोकल्याच्या दुसऱ्या दिवशी तूवा रेनबर्गच्या लक्षात आलं की तिच्या संदर्भसूचीत इमारतीची धुण्याची खोली बघणारे ग्रानलुंडकाका येऊन बसले आहेत.

खिळा खराखुरा. तिच्या विद्यापीठात जाहीर परीक्षेच्या तीन आठवडे आधी प्रबंध भिंतीवरच्या फळीला खिळ्याने ठोकतात आणि मग टाळ्या वाजवून कॉफी पितात. एकदा ठोकला की ठोकला. फार तर चुकांची एक चिठ्ठी जोडता येते. पण चिठ्ठीत ‘पान नव्वद, स्वल्पविराम राहिला’ असं लिहिता येतं. ‘पान नव्वद, हा लेखक अस्तित्वात नाही’ असं कसं लिहायचं?

विषय होता, इमारतीतल्या सामायिक जागा आणि शेजाऱ्यांची भांडणं. परीक्षेच्या दिवशी भाषणात दाखवायला म्हणून तूवाने डेटाबेसातून या विषयाचा नकाशा काढला. असा नकाशा संगणकच काढून देतो. प्रत्येक लेखाचं एक वर्तुळ, कोणी कोणाचा आधार घेतला त्याची रेघ, आणि जितक्यांनी आधार घेतला तितकं वर्तुळ मोठं. नकाशाच्या मधोमध अंड्याच्या बलकासारखं एक पिवळंधमक वर्तुळ होतं. त्यावर लिहिलं होतं: ग्रानलुंड, १९८७.

तूवाच्या हातातला पाव हातातच राहिला.

दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी ती आधीच्या अभ्यासांचा आढावा लिहीत होती. ‘लेखी सूचना जितक्या वाढतात, तितकी भांडणं वाढतात,’ असं वाक्य तिने लिहिलं. हे कोणीतरी सिद्ध केलेलं असणारच. नाव नंतर शोधू, तोवर जागा अडवून ठेवू, असं तिला वाटलं. ती नुकतीच तळघरातून ओल्या कपड्यांची टोपली घेऊन आली होती आणि ड्रायरच्या जाळीत अडकलेल्या धाग्यादोऱ्यांवरून लावलेली चिठ्ठी डोक्यात घुमत होती: ‘जाळी साफ करायला तुमची आई इथे राहत नाही. ग्रानलुंड.’ रागारागात तिने कंसात काकांचं नाव आणि धुण्याच्या मशीनच्या पाटीवरचं साल टाकलं. आणि विसरली.

तो आढावा लेख म्हणून छापून आला आणि पुढे प्रबंधाचं तिसरं प्रकरण झाला. ऑस्लोतल्या कोणीतरी तिच्या सूचीतून ग्रानलुंड उचलला, गेंटमधल्या कोणीतरी ऑस्लोच्या सूचीतून. दुधाच्या हंड्यात विरजणाचा एक थेंब पडावा तसं झालं. एकूण अकरा जणांनी आधार घेतला. वाचला कोणीच नव्हता. वाचायला होतं काय?

“कोण बघतंय,” एस्किल म्हणाला. तिचा नवरा शाळेत सुतारकाम शिकवायचा. खिळ्याचं त्याला फारसं भय नव्हतं.

“अकरा जणांनी बघितलंय.”

“बघितलं असतं तर घेतला असता का?”

त्या दिवशी दुपारीच कॉफीच्या टेबलावर एब्बाबाईंनी तोच नकाशा पुढे ठेवला. एब्बाबाई म्हणजे तूवाच्या मार्गदर्शक.

“तूवा, हा ग्रानलुंड एवढा मोठा आणि माझ्या नजरेतून सुटला कसा गं? हयात आहे का?”

खोटं बोलायचं नाही, एवढं तूवाने जिन्यातच ठरवलं होतं. “आहेत,” ती म्हणाली.

“कुठे असतात?”

“इथेच. गावात.”

“काय सांगतेस. कुठल्या विभागात?”

“विभागात नाहीत. निवृत्त आहेत.”

“तू भेटली आहेस?”

“जिन्यात दिसतात.”

“आणि हे मला आज सांगतेस? स्वभावाने कसे आहेत?”

“कडक आहेत. सगळं लेखी लागतं त्यांना.”

“जुनी माणसं,” एब्बाबाई समाधानाने म्हणाल्या आणि वेलदोड्याच्या पावाचा शेवटचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला. एकही शब्द खोटा नव्हता. घात केला तो खऱ्यानेच.

तिकडे कोणाचाही पत्ता कोणालाही मिळतो. संध्याकाळी एब्बाबाईंनी ग्रानलुंडना प्रबंधाच्या प्रतीसह आमंत्रण धाडलं, पहिल्या रांगेत खुर्ची राखली, आणि परीक्षक तोर्बेन क्राग यांना डेन्मार्कला कळवून टाकलं. क्रागांचं उत्तर लगेच आलं: ‘मग तिसऱ्या प्रकरणाला जास्त वेळ ठेवू. मीही ग्रानलुंडचा आधार घेतलेला आहे.’

पुढचे तीन आठवडे तूवाला धड झोप लागली नाही. पाच वर्षांची मेहनत त्या पिवळ्या वर्तुळावर उभी होती. तीनदा ती कबुली द्यायला एब्बाबाईंच्या दारापर्यंत गेली. तिन्ही वेळा त्या केकवाल्याशी फोनवर बोलत होत्या. “भीती वाटतेय ना?” फोनवर हात ठेवून त्या म्हणायच्या. “वाटायलाच हवी. जा, झोप काढ.”

मग ड्रायरवर चिठ्ठी आली. ‘रेनबर्ग. तुमच्याशी बोलायचं आहे. ग्रानलुंड.’ तूवाने ती दोनदा वाचली. त्यात जाळीचा उल्लेखच नव्हता. म्हणजे विषय प्रबंधाचाच होता.

त्या दिवसापासून ती तळघरात उतरली नाही. कपडे न्हाणीघरात हाताने धुवू लागली. मार्चच्या थंडीत ते वाळेनात. एस्किल दमट पायमोजे घालून शाळेत जायचा. शाळकरी वयानंतर ती चर्चमध्ये गेली नव्हती, तीही एका मंगळवारी जाऊन मेणबत्ती लावून आली. भीतीपोटी का होईना, माणूस येतो. देव कारण विचारत बसत नाही.

परीक्षेच्या दिवशी ग्रानलुंडकाका सर्वांच्या आधी येऊन बसले होते. काळा कोट, मांडीवर जाडजूड काळी फाइल. तूवा व्यासपीठावर चढली तेव्हा तिचेही पायमोजे दमटच होते.

पहिला तास बरा गेला. मग क्रागांनी चष्मा पुसला. “तिसरं प्रकरण. सगळा डोलारा ज्या वाक्यावर आहे त्याला एकच आधार आहे. हा मूळ लेख मला कुठेच मिळाला नाही. तुम्ही कुठे वाचलात?”

 एब्बाबाई कौतुकाने मान डोलावत होत्या. आत्ता बोललीस तर आत्ताच सुटशील, असं तूवाच्या मनाने तिला सांगितलं.

“वाचला नाही,” ती म्हणाली. “असा लेखच नाही. ते आमच्या इमारतीतल्या काकांचं नाव आहे, धुण्याची खोली बघतात त्यांचं. मी जागा अडवायला लिहिलं आणि काढायचं विसरले.”

एब्बाबाईंची मान डोलायची थांबली. क्रागांनी पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश, तळापर्यंत संपवला. अकरांपैकी एक तेही होते.

तिकडच्या रीतीप्रमाणे परीक्षक गप्प झाले की श्रोत्यांना बोलता येतं. ग्रानलुंडकाका उभे राहिले.

“मशीन आलं सत्याऐंशीच्या मार्चमध्ये,” ते म्हणाले. “तेव्हापासून खोली माझ्याकडे. आजवर आठशे चौदा चिठ्ठ्या लावल्या. प्रत्येकीची नक्कल इथे आहे, तारखेसकट. खाली जाळी साफ होती की नव्हती ते लिहिलंय. भांडणं लाल शाईत.” त्यांनी फाइल उघडली. “पहिल्या वर्षी दहातले सहा जण जाळी साफ करायचे. चिठ्ठ्या वाढवल्या, तसे चार झाले आणि लाल शाई दुप्पट. आता एक करतो, आणि तो मीच आहे. ही फाइल या मुलीने कधी चोरून बघितली, एवढंच मला विचारायचं होतं. तर ही तीन आठवडे जिन्यातून पळतेय.”

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

“तिचं वाक्य मी रोज वाचतोय,” काका म्हणाले. “मला ते आवडलेलं नाही. पण ते बरोबर आहे.”

क्राग व्यासपीठावरून खाली आले, काकांशेजारी बसले आणि पानं उलटू लागले. पानागणिक त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. “हा आधार चालेल,” ते म्हणाले. “हा फारच उत्तम चालेल.”

परीक्षकांची समिती तासभर आत बसली आणि तूवाला पदवी मिळाली. अट एकच: असा लेख नाही, ही दुरुस्ती छापायची. तिने ती प्रामाणिकपणे छापली. लाजेकाजेस्तव बाकीच्या अकरांनीही छापली. पण कोणी कोणाचं नाव घेतलं एवढंच डेटाबेसाला कळतं, का घेतलं ते कळत नाही. अकराचे तेवीस झाले आणि पिवळं वर्तुळ फुगत फुगत नकाशाच्या कडांना टेकलं.

“तुझं कुठलं?” एस्किलने विचारलं.

“त्याच्या मागे आहे. दिसत नाही.”

एप्रिलमध्ये ती टोपली घेऊन तळघरात उतरली. ड्रायरवर नवी चिठ्ठी होती, स्वच्छ अक्षरात: ‘जाळी साफ करावी (ग्रानलुंड, १९८७).’

तूवाने जाळी ओढून पाहिली. कोणीतरी आधीच साफ केली होती. काकांनीच केली असेल म्हणून तिने जिन्यात त्यांना विचारलं.

“मी नाही,” ते म्हणाले. “महिना झाला, हातच लावलेला नाही. काय झालंय लोकांना, कोण जाणे. भांडतसुद्धा नाहीत.”

आठवडाभर ती रोज खाली जाऊन बघून आली. रोज जाळी लख्ख. प्रबंध मात्र अजून त्या फळीवरच होता, लेखी सूचनांनी भांडणं वाढतात या नव्वदाव्या पानावरच्या वाक्यासकट, खिळ्याने घट्ट ठोकलेला.