बर्फाच्या दर्याला निघालेले जोमाशेट

वैशाखात, भर दुपारी, मिठागराच्या बांधावर घोंगडीचा कोट घालून फिरणारा माणूस तुम्ही पाहिला आहे काय? मी पाहिला आहे. एकदा नव्हे, दोन उन्हाळे रोज.

कळव्याच्या मिठागरांवर तेव्हा ऊन असं पडायचं की पांढऱ्या राशींकडे बघवत नसे. मजूर लंगोटीवर काम करायचे. आणि त्यांच्यामधून आमचे जोमाशेट, मिठागराचे मालक, दोन घोंगड्या जोडून ठाण्याच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला गुडघ्यापर्यंतचा कोट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून, घामाने निथळत पण ताठ मानेने चालायचे.

मी तिथल्या मिठाच्या नाक्यावर नोकरीला नवा होतो. मला वाटलं, म्हाताऱ्याला हीव भरलंय.

"शेट, बरं वाटत नाही का?"

"बरा हाय की. सराव करतंय."

"कसला?"

"थंडीचा. अरे मास्तर, थंडीन कोट कोन पन घालील. उन्हान घातला तो खरा सराव."

हे 'मास्तर' माझ्या वाट्याला कसं आलं, ते सांगतो. मी जावळीच्या डोंगरातला. वडील गेले आणि चौथीतून शाळा सुटली. पुढे एका ओळखीच्या कारकुनाने सरकारी मिठाच्या नाक्यावर गोणी मोजायला लावून दिलं. इथे आल्यावर जोमाशेटनी मला एक जुनं कागदपत्र वाचायला दिलं. मी अडखळत वाचलं. ते म्हणाले, "मास्तर हाईस तू." मी सांगितलं की शाळा अर्धीच झाली आहे. "मंग अर्धा मास्तर," म्हणाले, पण हाक मात्र पुरीच मारत राहिले. शाळेचा विषय निघाला की मान खाली घालणाऱ्या मला त्या हाकेने किती उभं केलं, ते मी त्यांना कधी बोललो नाही.

बोललो नाही अशा गोष्टी पुष्कळ आहेत. आल्यानंतर महिन्याभरातच मी तापाने आडवा झालो. गाव लांब, ओळखीचं कोणी नाही. शेटनी मला उचलून आपल्या ओटीवर आणलं. सून पेज करून द्यायची, पण कपाळावरच्या ओल्या घड्या ते स्वतः बदलायचे. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. घडी ठेवली की पुटपुटायचे, "गार व्हशील, गार व्हशील." चार दिवस हाच जप. त्या वेळी मला त्यात फक्त माया दिसली.

तर त्यांची मनीषा अशी होती : उत्तरेला जिथे दर्याच गोठतो, तिथे बोटीने जायचं आणि परत यायचं.

हे त्यांच्या डोक्यात भरवलं, निदान तपशिलासकट भरवलं, बाळकुमच्या पास्कूने. हा किरिस्ताव म्हातारा तरुणपणी गोऱ्यांच्या जहाजांवर खलाशी होता. दर रविवारी प्रार्थना आटोपली की खाडी ओलांडून यायचा. शेट त्याची उलटतपासणी घ्यायचे आणि मी लिहून घ्यायचो.

"पास्कू, बोटीला शिड्या किती?"

"हाईत सात-आठ."

"नको ती बोट. माझं गुडगं धरतात. सपाट बोट बग."

"सपाट तर होडी आसते, शेट."

"मंग मधली बग."

असं त्यांचं सगळं प्रकृतीच्या मापाने चालायचं. पित्त होतं म्हणून बोट सावकाश जाणारी हवी. सोबत आमसुलं पाच शेर. वात होता म्हणून सुंठेचा पाक एक बरणी. ठाण्याच्या वैद्यबुवांनी नाडी बघून साफ सांगितलं, "वाताची प्रकृती. तुम्हाला थंडी वर्ज्य." शेट म्हणाले, "वर्ज्य मंजे किती? एक महिना चालंल?" वैद्यबुवांनी पागोटं सारखं केलं आणि लसणाचं तेल दिलं.

बघायच्या गोष्टी तीनच ठरवल्या होत्या. बर्फाचा डोंगर, पांढरं अस्वल, आणि पास्कूने शपथेवर सांगितलेला तो मिशावाला दर्यातला म्हैसा. वाटेत विलायत लागेल म्हटलं तर म्हणाले, "ती नको. सायब रोजच नाक्यावर दिसतो."

जातीच्या पंचांनी हटकलं की समुद्र ओलांडला तर वाळीत टाकू. शेटनी शांतपणे सांगितलं, "जलम खाडीवर गेला. दर्या वलांडायचा मंजे आमच्यासाठी मोठा बांध वलांडायचा." पंचांतल्या दोघांची मिठागरं शेजारीच होती. ते हसले आणि विषय तिथेच राहिला.

सामानात मात्र दोन गोणी मीठ होतं. पास्कू म्हणाला, "शेट, सगला दर्या खाराच हाय. मीठ कशाला?"

"खारा आसंल. पन माझ्या आगराचा नाय." आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य आलं, "मिठान घातला का काय पन टिकतं."

हे वाक्य दिवसातून दहा वेळा. मासळी, कैऱ्या, चिंच तर सगळेच मिठात घालतात. शेटनी एकदा लग्नाची पत्रिका मिठाच्या मडक्यात ठेवली होती, वाळवी लागू नये म्हणून. टिकली. ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

माझी अडचण वेगळीच होती. या सफरीत मला सोबत न्यायचं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. "मास्तर पायजे. तिकडची पाटी कोन वाचील?" तिकडची पाटी मलाही वाचता येणार नव्हती. शिवाय ठाण्याच्या होडीत बसतानासुद्धा मी रामनाम घ्यायचो. गावी आई होती. तिला काय कळवू? पण ज्याने चार दिवस कपाळावरच्या घड्या बदलल्या, त्याला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हणालो आणि त्या दिवसापासून जेवण गोड लागेना.

बेत असा होता. अमेरिकेहून मुंबईला बर्फाची जहाजं येत. ती परत जाताना त्यात बसायचं. मी शेटच्या वतीने पत्र लिहिलं, चार वेळा खोडून, आणि ते द्यायला आगगाडीने मुंबईला गेलो. वाटभर देवाला सांगत होतो की जहाजवाल्याला नाही म्हणू दे.

देवाने जरा जास्तच ऐकलं. बंदरावर बर्फ विकणारा मुसलमान म्हातारा म्हणाला, "कुठली जहाजं, भाऊ? बंद झाली. आता मुंबईतच कारखान्यात बर्फ करतात."

मला आधी हायसं वाटलं. मग शेटचा तो कोट डोळ्यांपुढे आला आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. रिकाम्या हाताने परत जाववेना. मी एक मोठी लादी घेतली. त्याने ती लाकडाच्या भुशात घातली, वर पोतं, त्यावर कांबळं. बांधताना म्हणाला, "कुठे नेताय?"

"कळव्याला. मिठागरावर."

"मग जपा. मीठ लागू देऊ नका. मीठ लागलं की बर्फाचं पाणी व्हायला वेळ नाही लागत."

मी कळव्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. शेट ओटीवर कोट घालून बसलेले. जहाजं बंद झाल्याचं मी एका दमात सांगून टाकलं आणि पुढ्यात गाठोडं सोडलं. भुसा बाजूला केला. आत लादी, निम्मी राहिलेली, पण कोरी करकरीत.

त्यांनी लादीवर तळहात ठेवला आणि ठेवूनच बसले.

"हा आसाच होता," म्हणाले. "मांजुला तापान होती तवा."

मांजुळा म्हणजे त्यांची बायको. मी यायच्या बारा वर्षं आधी गेलेली, एवढंच मला ठाऊक होतं. ठाण्याच्या डॉक्टरने डोक्यावर बर्फ ठेवायला सांगितला होता. शेट त्याच दिवशी मुंबईला गेले, जाताना घरून तांब्याचा हंडा आणि आगराचं पहिल्या हाताचं, सगळ्यात पांढरं मीठ घेऊन.

"चांगला दाबून भरला मास्तर, खाली मीठ, वर मीठ. घरी येऊन बगतो तर निसता खारा पानी. त्याचीच घडी तिच्या कपालाव ठेवली. ती बोलली, 'लय गार हाय, वो.'" त्यांनी ओला तळहात उलटा करून बघितला. "खोटा बोलली. पानी कोमट होता."

खाडीवरून वारा येत होता. मी भुशाचा एक एक कण उगाच वेचत होतो.

"मना जायाचा होता तिकडं. जिथं तो इरघलतच नाय, तिथं एकदा जाऊन उभा रायाचा होता." मग त्यांची नजर भुशावर गेली. मूठभर उचलून त्यांनी तो बोटांनी चोळला. "मास्तर, त्यानं भुशान का घातला? मिठान का नाय?"

मला त्या म्हाताऱ्याचे शब्द लख्ख आठवत होते. शेट माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मुंबईला मीठ महाग आहे, शेट," मी म्हणालो. "भुसा फुकट मिळतो."

त्यांनी मुठीतला भुसा खाली टाकला. मग एकेक करून कोटाच्या गुंड्या सोडल्या, कोट काढला आणि लादीवर पांघरला. चहूबाजूंनी नीट खोचला, मुलाला खोचावा तसा.

"तू पन तिच्यासारखाच हाईस," म्हणाले. "गार हाय बोलनारा."

त्यानंतर मी कळव्याला आणखी सहा वर्षं होतो. कैऱ्या, चिंच, सुकट सगळं दरवर्षी मिठात पडतच होतं. पण 'मिठान घातला का काय पन टिकतं' हे वाक्य मी शेटच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही.