ऑल्डरसनबाईंच्या टोपीतली पिसं

क्लिफर्ड रेनर यांनी पहिलं पीस उपटलं ते ऐन प्रार्थनेत. यॉर्कशरच्या त्या डोंगरी गावातल्या चॅपलात प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात, आणि पुढच्या बाकावरच्या ऑल्डरसनबाईंची टोपी बरोबर त्यांच्या नाकासमोर यायची.

ट्राउट माशाला फसवायला गळावर खोटी माशी बांधणं तसं सोपं. गळाला नारिंगी रेशीम गुंडाळायचं आणि वर तितराच्या मऊ पिसाचे दोन वेढे द्यायचे. पाण्यात ते बुडत्या किड्याच्या पायांसारखं हलतं. पण बाईंनी कांद्याच्या सालीत रंगवलेल्या पिसांचा तांबूसपणा बाजारात कुठला मिळायला? पहिल्याच माशीला तीन ट्राउट लागले. मग दर रविवारी एक पीस ठरलेलंच.

अकराव्या रविवारी प्रार्थना संपल्यावर बाई दारातच कडाडल्या, "क्लिफर्डराव, चॅपलात कसर लागलीय! टोपीला बघा, तुमच्यासारखं टक्कल पडलं. आमच्या ह्यांनी मारलेलं शेवटचं तितर होतं हो ते!"

क्लिफर्डरावांना स्वतःची भयंकर लाज वाटली. तिथेच कबूल केलं असतं तर सुटले असते. पण ते म्हणाले, "अरेरे!" आणि पाद्रीबाबांनी कसरीच्या बंदोबस्ताला त्यांनाच नेमलं. त्यांनी बाकाबाकाखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या. पुढच्या रविवारी भजन म्हणण्याऐवजी सगळं गाव शिंकलं.

पिसं उपटणं थांबलं, पण पाद्रीबाबांना भेट दिलेली एक माशी बाहेर होती. त्यांनी ती कौतुकाने गावच्या प्रदर्शनात क्लिफर्डरावांच्या नावाने लावली. तिला पहिलं बक्षीस मिळालं, आणि बक्षीस द्यायला उभ्या होत्या ऑल्डरसनबाई.

बाईंनी माशी उजेडात धरली. "पीस कशाचं हो?"

"त... तितराचं."

"ते दिसतंय मला. कांद्याच्या सालीत कुणी रंगवलं?"

क्लिफर्डरावांचे कान लाल झाले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. "चुकलो, बाई."

"किती उपटलीत?"

"अकरा."

बाईंनी बक्षिसाचा कप त्यांच्या हातात दिला आणि टाळ्यासुद्धा वाजवल्या.

पुढच्या रविवारी समोरचा बाक रिकामा होता. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. "प्रार्थना करू या," पाद्रीबाबा म्हणाले. कित्येक आठवड्यांनी क्लिफर्डरावांनी मनापासून डोळे मिटले. तेवढ्यात मानेवरचा एक केस सणकन उपटला गेला. प्रार्थनेत ओरडायचीही सोय नव्हती.

"आमेन," मागून बाई पुटपुटल्या. "एक झाला."

म्हणजे अजून दहा रविवार. क्लिफर्डरावांनी हळूच मानेवरून हात फिरवला. तेवढे केस तिथे निघतील की नाही, याचीच त्यांना आता काळजी लागली.