नावावर लागलेलं रक्त

यापुढे बढती देताना सेवाज्येष्ठतेबरोबर कर्मचाऱ्याचं रक्तही विचारात घेतलं जाईल, असं परिपत्रक वरच्या कार्यालयातून आलं, तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. रक्ताच्या रिपोर्टात प्रत्येक आकड्यापुढे कंसात एक मर्यादा छापलेली असते. आकडा त्या कंसात बसला तर माणूस निरोगी, नाही बसला तर आकडा ठळक अक्षरात छापतात. ज्याच्या रिपोर्टात ठळक अक्षर, त्याची बढती स्थगित, असा साधा सोपा नियम होता.

अधीक्षक साहेबांची बढती तोंडाशी आली होती. त्यांना हल्ली तहान फार लागायची, दुपारी जेवणानंतर डोळे जड व्हायचे आणि पायाच्या अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. परिपत्रक त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं आणि खणातला बिस्किटांचा पुडा आणखी आत सरकवला.

साहेबांची कामाची एक पद्धत होती. जे काम आपल्याच्याने होणार नाही, ते जावक कारकुनाकडे मार्क करायचं. जावक कारकून हा सडसडीत, चालत कामावर येणारा आणि समोर आलेलं काहीही पुढे पाठवणारा माणूस होता. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझी तब्येत ठणठणीत दिसते."

"दिसते खरी, साहेब. कधी तपासली नाही."

"मग तपासून घे. माझ्या नावाने."

कारकुनाने मान खाली घातली. त्याचा गोपनीय अहवाल साहेबच लिहीत, त्यामुळे मान वर ठेवण्याची सोय नव्हती.

ही गोष्ट लपून राहणं शक्यच नव्हतं. लेखापाल बाई तरातरा केबिनमध्ये शिरल्या. "साहेबांना एक न्याय आणि आम्हाला दुसरा, असं का?" प्रश्न रास्त होता. शेवटी समानतेच्या तत्त्वावर अख्ख्या कार्यालयाचं रक्त जावक कारकुनाकडे मार्क झालं.

बैठकीच्या खोलीत पडदा लावला. कर्मचाऱ्याने पडद्याजवळ जाऊन आपलं नाव सांगायचं आणि पडद्यातून हात बाहेर यायचा. प्रयोगशाळेतून आलेल्या बाई नळीवर नाव चिकटवून सुई टोचत होत्या. बऱ्याच नळ्या भरल्यावर त्या म्हणाल्या, "इथे सगळ्यांच्या हातावर एकाच जागी तीळ आहे."

"आमच्याकडे शिस्त आहे," साहेब म्हणाले.

बाईंना दुपारी आणखी एक कार्यालय उरकायचं होतं. त्यांनी पुढच्या नळीवर नाव चिकटवलं.

रिपोर्ट आले ते दशांश चिन्हापुढेही सारखे. साखर सारखी, कोलेस्टेरॉल सारखं, थायरॉइड सारखं. पॅकेज सगळ्यांना एकच असल्यामुळे लेखापाल बाईंची प्रोस्टेट उत्तम असल्याचंही प्रमाणित झालं. वरच्या कार्यालयाने या एकसूत्रीपणाबद्दल अभिनंदनाचं पत्र पाठवलं. ठळक अक्षर फक्त एकाच रिपोर्टात होतं. जावक कारकुनाने आपली नळी सगळ्यात शेवटी भरली होती आणि तोवर त्याचं हिमोग्लोबिन कंसाखाली उतरलं होतं. त्याची बढती नियमानुसार स्थगित झाली.

इथवर सगळं रीतसर चाललं होतं. घोळ पुढे झाला, कारण साहेबांचा आपल्या रिपोर्टवर विश्वास बसला. त्यांनी तो फ्रेम करून घरी लावला.

"अहो, अंगठा काळा पडतोय," बायको म्हणाली. "डॉक्टरांना दाखवा की."

"साखर ब्याण्णव आहे. भिंतीवर बघ."

"भिंतीवरची बघून काय करू? पाय तुमचा आहे ना?"

"प्रयोगशाळेपेक्षा तुला जास्त कळतं का?"

बढतीच्या आनंदात साहेबांनी चहात साखर वाढवली. ब्याण्णव असलेल्या माणसाने मन का मारायचं? जावक कारकुनाला हे बघवेना. तो बिचारा पिवळा पडला होता, दोन जिने चढला की दम खात होता, तरी केबिनमध्ये जाऊन हळूच म्हणाला, "साहेब, ते रक्त माझं होतं."

"तुझं होतं," साहेबांनी दुरुस्ती केली. "आता नावावर माझ्या लागलंय. एवढी वर्षं नोकरी करून एवढं कळू नये?"

पुढच्याच आठवड्यात साहेब नव्या केबिनमध्ये खुर्चीवरून घसरले. दवाखान्यात त्यांचं रक्त काढलं, या खेपेला त्यांचंच. साखर चारशेच्या वर निघाली. साहेब अंगात ताप असतानाही म्हणाले, "या आकड्यावर माझी हरकत नोंदवून घ्या. माझ्याकडे जुना रिपोर्ट आहे."

डॉक्टर थकलेले होते. "हे बघा, साखर रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून राहते. त्यावरून मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते. तुमची सरासरी भयंकर आहे. अंगठा काढावा लागेल. आणखी उशीर केला असता तर पाय गेला असता."

अंगठा काढला. तो मात्र जावक कारकुनाकडे मार्क करता आला नाही. बायको दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली आणि घरी जाऊन आधी ती फ्रेम उतरवली.

वर्षाने पुन्हा तपासणी आली. साहेब लंगडत गेले आणि त्यांनी स्वतःचा हात पुढे केला. साखरेचा आकडा चक्क कंसात बसला. त्यांनी तो बायकोला दाखवला. "बघ, या वेळी माझं स्वतःचं रक्त आहे."

"माहीत आहे. आठ दिवस गोडाला हात लावला नाहीत, रोज फिरायला गेलात. आजपासून पुन्हा बिस्किटं. आणि ती तीन महिन्यांची तपासणी कुठे आहे?"

"ती मी यादीतून काढायला सांगितली. मागचं उकरून काय मिळतं?"

बायकोने रिपोर्ट घडी करून त्यांच्या हातात ठेवला. "म्हणजे हेही उसनंच," ती म्हणाली.

साहेबांवर हसायला हरकत नाही. फक्त तुमची तपासणी जवळ आली असेल आणि परवापासून तुम्ही साखर सोडली असेल, तर नळीवर नाव चिकटवण्याआधी जरा आठवून बघा, हे रक्त नक्की कुणाचं आहे.