स्वच्छ लोखंडाचं काळं

रिक्षातून उतरल्यावर दीपाली मयेकरनं घरात पाऊल टाकलं नाही. बॅग पायरीवर आपटली आणि चपला न काढता ती थेट मागच्या अंगणात गेली. पंधरा दिवस गुजरातेतल्या एका कॉलेजात मुलींना कापड रंगवायला शिकवून ती परतली होती. पण जीव सगळा अंगणातल्या दोन पिंपांपैकी डाव्या पिंपात अडकला होता. त्या पिंपात तिचं काळं मुरत होतं. गंजलेले घोड्याचे नाल, खिळे, बिजागऱ्या, गूळ आणि पाणी. शिमग्यात लावलेलं, आता मे महिना. हिरड्यात बुडवलेल्या कापडावर त्या पाण्याचा ब्रश फिरला की रेघ काळीभोर उमटते, आणि मग ती धुतली तरी जात नाही.

तिनं झाकण उचललं, आत बघितलं आणि हाक मारली, "अहो!"

दीपालीच्या 'अहो'चे चढउतार निलेशरावांना पाठ होते. पाहुणे आले की एक, दूध उतू गेलं की दुसरा. हा 'अहो' मात्र त्यांनी यापूर्वी एकदाच ऐकला होता, तिच्या रेशमी साडीनं त्यांनी मोटरसायकल पुसली होती तेव्हा. हातातला ब्रश तसाच घेऊन ते मागे आले.

हातात ब्रश असणारच. निलेशराव तीस वर्षं बोटीवर इंजिन रूममध्ये होते. तिथे दोनच कामं, गंज खरवडायचा आणि रंग लावायचा. जानेवारीत कायमचे घरी आले आणि महिन्याभरात गेट, खिडक्यांचे गज, विहिरीचा रहाट, सगळं खरवडून निळं करून टाकलं. घरातलं मांजरसुद्धा हल्ली एक डोळा उघडा ठेवून झोपत असे. अशा माणसाच्या घरात बायको पिंपात गंज पाळत होती. हे दोन महिने निभावलं हेच नवल.

"हे काय आहे?" दीपालीनं विचारलं.

"पिंप."

"पिंपात काय आहे?"

"तुझं काळं. नवीन लावलंय."

"नवीन? मग जुनं कुठाय?"

निलेशराव जास्वंदीकडे बघायला लागले. खोटं बोलायच्या आधी माणूस भलतीकडे बघतो. ते मात्र नेमकं खऱ्याकडेच बघत होते.

"झाडांना घातलंत?" दीपालीचा आवाज खाली आला. तो खाली आला की जास्त भीती.

"तूच फोनवर म्हणालीस ना, झाडं पिवळी पडतायत, पिंपातलं जीवामृत घाला म्हणून."

"जीवामृत उजव्या पिंपात! काळ्याच्या झाकणावर मी लाल ठिपका काढला होता, हा एवढा!"

"होता. त्याच्यावर रंग बसला." त्यांनी ब्रश पाठीमागे घेतला. "दोन्ही झाकणं फार कळकट दिसत होती, म्हणून निळी केली. आणि पिंपं जरा हलवून घेतली, खालची जागा झाडायला. परत ठेवताना डावं-उजवं झालं असेल. कळल्यावर पुन्हा जागच्या जागी ठेवली."

"आणि वास? जीवामृताला शेणाचा वास येतो हो!"

"तीस वर्षं डिझेल हुंगलंय दीपा. बांगडा जळून कोळसा झाला तरी मला कळत नाही. तळाशी लोखंड लागलं तेव्हा कळलं, पण तोवर शेवटची बादली मोगऱ्याला गेलेली."

"मी रोज फोन करत होते! रोज विचारत होते, झाडांना घातलं का? 'घातलं' म्हणत होतात!"

"घातलंच होतं. काय घातलं ते तू कधी विचारलं नाहीस."

राग उधारीवर ठेवायची पद्धत मयेकरांच्या घरात नव्हती. दीपालीनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिची नजर पुन्हा पिंपात गेली आणि उघडलेलं तोंड तसंच राहिलं. पिंपात स्वच्छ, सोनेरी गुळाचं पाणी होतं. त्यावर तेलाचा तवंग होता, तवंगावर मुंग्या होत्या. आणि तळाशी चांदीच्या भांड्यांसारखे लखलखीत घोड्याचे नाल, आकारानं लहान-मोठे रांगेत लावलेले.

"हे... हे घासलेत तुम्ही?"

"मग! नुकसान झालं तर भरून नको द्यायला? चार दिवस खपलो. एकेक खिळा पॉलिश पेपरनं घासला, वर ग्रीस लावलं." निलेशरावांच्या आवाजात थोडा अभिमान डोकावला. "मी म्हटलं, असल्या घाणेरड्या लोखंडाचं एवढं चांगलं काळं होत असेल, तर स्वच्छ लोखंडाचं किती चांगलं होईल!"

"गंजाचंच काळं होतं हो! गंजाचं! तो गंज आणायला मी दोन पावसाळे हे खिळे कौलावर टाकले होते!"

कुंपणापलीकडून कमळाकाकूंचं डोकं वर आलं. भांडणाचा पहिला शब्द कानावर आला की त्यांना कपडे वाळत घालायची आठवण होई. "काय झाला गो दीपाली? आल्या आल्या?"

"काही नाही काकू. माझं काळं ह्यांनी झाडांना पाजलं."

"काळा? म्हणून मी म्हणते! अगो, तुझी जास्वंद बघ. गेल्या महिन्यात कावीळ झाल्यासारी होती. काय घातलान तुझ्या घोवान? माझ्या मिरच्यांना पण दे गो तांब्याभर."

दीपालीनं तेव्हा पहिल्यांदा बाग बघितली. भाट्याच्या त्या पुळणीच्या जमिनीत वाळू आणि शिंपल्यांचा चुरा. तीन उन्हाळे ती शेण, पेंड, जीवामृत सगळं घालून थकली होती, तरी पानं पिवळीच्या पिवळी. आणि आता जास्वंद हिरवीगार, चिकूला नवी पालवी, अबोलीनं तर लाज सोडल्यासारखं फुलायचं ठरवलं होतं. तिला जास्तच राग आला. नुकसान करणाऱ्यानं निदान नुकसान तरी नीट करावं.

"ह्यापुढे," ती निलेशरावांना म्हणाली, "माझ्या काळ्याचा एक थेंब झाडाला लागला तर तुम्ही आणि मी एका घरात राहणार नाही."

खोलीत, तिच्या लांबलचक टेबलावर, तिनं रंगवायला घेतलेला कापडाचा पट पसरलेला होता. मिरकरवाड्याचं बंदर, होड्या, टोपल्या, टोपल्यांत मासळी. मंजिष्ठेचं लाल झालं होतं, डाळिंबाच्या सालीचं पिवळं झालं होतं. तिची पद्धत अशी की काळं सगळ्यात शेवटी. त्यामुळे होड्यांचे दोर राहिले होते, जाळी राहिली होती आणि माशांचे डोळे राहिले होते. टोपल्या भरभरून सुरमई, पापलेट, बांगडे, आणि सगळे आंधळे. शनिवारी सकाळी मुंबईच्या प्रदर्शनाची गाडी पट न्यायला येणार होती. आज बुधवार. नवं काळं मुरायला वीस दिवस तरी हवेत, आणि तेही गंजक्या लोखंडाचं.

"बाजारातला काळा रंग आणू?" निलेशरावांनी दारातून विचारलं. आत यायची हिंमत नव्हती.

"प्रदर्शनातल्या पाटीवर 'नैसर्गिक रंग' लिहिलंय. त्याखाली 'डोळे सोडून' असं लिहायला सांगू?"

मग तिला वैष्णवी आठवली. गणपतीपुळ्याला देवळाच्या वाटेवर कापडी पिशव्यांचं दुकान चालवणारी तिची विद्यार्थिनी. दोन वर्षांपूर्वी दीपालीनंच तिला काळं लावून दिलं होतं. फोन केला. "आहे ना मॅडम," वैष्णवी म्हणाली. "आत्ता या, एक कॅन सहज निघेल."

जेवण न करता दोघं गाडीत बसले. आरे-वारेच्या रस्त्यावर खाली समुद्र चमकत होता, पर्यटक कठड्यावर उभे राहून फोटो काढत होते. निलेशरावांनी एकदा "डावीकडे बघ, काय सुंदर..." एवढं म्हणून पाहिलं. बायकोनं उजवीकडे डोंगराकडे तोंड फिरवलं.

वैष्णवीनं पाच लिटरचा कॅन भरून दिला, वर चहा दिला. निलेशराव चहा घेऊन तिच्या अंगणात हिंडत होते. तिथेही पुळणच, तिथेही जास्वंद पिवळी. दीपाली आत पैशाचं विचारत होती आणि वैष्णवी "काय मॅडम, लाजवता" म्हणत होती. तेवढ्यात निलेशरावांनी वैष्णवीच्या पिंपातलं तांब्याभर काळं बादलीत पाणी घालून पातळ केलं आणि जास्वंदीच्या मुळाशी ओतलं. वैष्णवी बाहेर आली तर हे शेजारच्या दोन बायकांना समजावून सांगत होते, "जोर लोखंडाचा. तांब्याला बादली. त्यापेक्षा कडक नको." कुणीतरी आपलं म्हणणं ऐकतंय, हे त्यांच्या बाबतीत जानेवारीनंतर पहिल्यांदाच होत होतं.

"अहो, चला!" दीपालीनं हाक मारली. हा पिंपापाशी मारलेलाच 'अहो' होता, फक्त उन्हानं तापलेला.

निघताना वैष्णवी म्हणाली, "झाकण सैल ठेवा हं मॅडम, आंबतंय अजून." दीपालीनं सैल ठेवलं. निलेशरावांनी ते बघितलं, आणि ती पुढे बसेपर्यंत पिळून घट्ट केलं. बोटीवर सैल झाकण ठेवणाऱ्याला कोण काय म्हणतं ते त्यांना माहीत होतं.

आरे-वारेच्या चढावर, भर उन्हात, मागच्या सीटवर बंदुकीसारखा आवाज झाला. झाकण छताला लागलं, तिथून निलेशरावांच्या टकलावर आलं, आणि मागोमाग काळं. गाडीचं छत, काच, दीपालीचा पदर आणि निलेशरावांचा पांढरा सदरा. सदऱ्यावर वैष्णवीकडचा चहा सांडलेला होता. चहाही हिरड्यासारखाच तुरट; त्याच्या डागावर ते पाणी पडलं आणि डाग डोळ्यांदेखत निळा-काळा झाला.

निलेशरावांनी गाडी कडेला घेतली. एक पर्यटक कुटुंब आत वाकून बघायला लागलं. "काय झालं काका? इंजिन फुटलं का?"

"नाही," दीपाली म्हणाली. "इंजिनवाला फुटायचाय."

कॅनमध्ये दोन बोटं उरलं होतं. घरापर्यंत तिनं तो मांडीवर धरून आणला, तान्ह्या पोरासारखा, झाकणावर तळहात ठेवून. दारात कमळाकाकू तांब्या घेऊन उभ्याच होत्या.

"आणलास? म्हटला, मिरच्यांना..."

"काकू!" दीपाली अशी काही ओरडली की कमळाकाकूंच्या हातून तांब्या पडला. तो त्यांनी उचलला आणि चार दिवस कपडे पुढच्या अंगणात वाळत घातले.

दोन बोटं काळ्यात काय काय होतं याचा दीपालीनं विचार केला. जाळी सोडली, दोर निम्मे केले. पण डोळे सगळे काढले. सुईएवढ्या ब्रशानं, एकेक थेंब. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. निलेशराव दाराबाहेर चहा ठेवून पाय न वाजवता निघून जात. एकदाच त्यांनी आत डोकावून सांगितलं, "ती मधली होडी, तिचा दोर तसा बांधत नाहीत. सुटेल." दीपालीनं मान वर केली नाही, पण गाठ बदलली. शनिवारी गाडी आली तेव्हा टोपल्यांतले सगळे मासे डोळे वटारून निलेशरावांकडे बघत होते.

प्रदर्शनात पट विकला गेला. घेणाऱ्या बाईंनी कळवलं की जाळ्याविना मासे दाखवायची कल्पना त्यांना फार खोल वाटली. दीपालीनं तो निरोप नवऱ्याला वाचून दाखवला नाही. तिला राग टिकवायचा होता, आणि जग तो टिकू देत नव्हतं.

महिनाअखेरीस वैष्णवीचा फोन आला. तिचं माहेर आंजर्ल्याचं. तिथल्या बायकांसाठी दरवर्षी पावसाच्या तोंडावर दीपालीचं चार दिवसांचं शिबिर असे.

"तारीख मी राखून ठेवलीय गं," दीपाली म्हणाली. "हिरडा मी आणते, कापड तुम्ही बघा."

"तेच सांगायचं होतं मॅडम." वैष्णवी अडखळली. "आमची जास्वंद अशी फुटलीय ना! मी तिचा व्हिडिओ पाठवला, तो आईनं बघितला, सगळ्या वाडीनं बघितला. तर बायका म्हणतात, रंगाचं पुढच्या वर्षी बघू. यंदा सरांना पाठवाल का?"

"कोण सर?"

दीपालीनं वळून बघितलं. सर स्टुलावर चढून पंख्याची पाती खरवडत होते.

जायच्या दिवशी निलेशरावांनी दीपालीची शिबिराची झोळी घेतली, तिचा एप्रन घेतला, आणि भंगारवाल्याकडचं लोखंड घालून तिनं नव्यानं लावलेल्या पिंपातले चार गंजके खिळे 'नमुना' म्हणून मागून घेतले.

"गंज कसा आणायचा हे तुम्ही शिकवणार?" दीपालीनं विचारलं. "तुम्ही?"

"ज्यानं घालवला त्यालाच माहीत, कशानं येतो," सर म्हणाले. मग दारात थांबून त्यांनी तिला सूचना दिल्या. चिकूला संध्याकाळी. मोगऱ्याला मुळाशी, पानांवर नको. अबोलीला जास्त झालं तर कुजते. पंधरा दिवसांची शिबिरं करणारी दीपाली आपल्याच बागेची माहिती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

तीन दिवस ती नव्या कापडात गढून गेली. बागेची आठवण चौथ्या दिवशी झाली, तीही पानं माना टाकायला लागल्यावर. ब्रश आणि वाट्या धुतलेलं काळं पाणी बादलीत साचलं होतं. नेहमी ती ते लांब गटारात ओतायची. तिनं कुंपणाकडे बघितलं. कमळाकाकू नव्हत्या. बादली उचलून ती जास्वंदीकडे गेली, मुळाशी उपडी केली, आणि खिशातला फोन वाजला.

"दीपा, झाडांना घातलंस?" मागे बायकांचा गलका, कुणीतरी "सर, सर" करत होतं.

"घातलं."

सरांनी लगेच पुढचं विचारलं, "काय घातलंस?"

मनगटापर्यंत काळ्या झालेल्या हातात फोन धरून, रिकाम्या बादलीकडे बघत दीपाली कडाडली, "पाणी!"

कुंपणापलीकडे तांब्या वाजला.