पंगतीचं शास्त्र

वझलवार सर लग्नात आहेर देत नाहीत, पाहुण्यांच्या जागा बदलतात. समाजशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले. संशोधन मात्र निवृत्त व्हायला तयार नाही. सिद्धांत एकच: माणूस किती जेवतो हे पोट ठरवत नाही, पंगत ठरवते. बुफे दिसला की सर अक्षता पडायच्या आत सभात्याग करतात. "एकटा माणूस म्हणजे नुसती अफवा आहे गा," हे त्यांनी अख्ख्या धरमपेठेला ऐकवलंय, भाजीवाल्यांसकट.

रामटेकच्या एका लग्नात त्यांनी आमच्या ऑफिसातल्या काडीपैलवान ढोबळेला नवरदेवाच्या दोन धिप्पाड मामांच्या मधोमध बसवलं. एरवी अर्ध्या पोळीवर ढेकर देणारा हा प्राणी असा सुटला, की जिलेबीचा आचारी कढई सोडून दर्शनाला आला. शेवटी ढोबळेला सतरंजीसकट उचलून गाडीत घातलं. सर बाजूला उभे, स्वतःची मुलगी सासरी निघाल्यासारखे डोळे पुसत.

मी म्हटलं, सर, खादाड माणसं आपसूकच एकमेकांशेजारी बसतात, यात पंगतीचं कसलं कर्तृत्व?

"जागा त्यानं निवडली का मी निवडली? समजून नाही राहिलं, तर बोलून काहून राहिला?"

यंदा वझलवार काकू मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या आणि नातवाच्या पक्षात सामील झाल्या. परतायचं नाव नाही. मला आयताच मुद्दा मिळाला. सरांची गॅलरी आमच्या जेवणाच्या खोलीसमोर, मध्ये फक्त बोळ. आमची पानं वाढली की सर डब्यातलं जेवण ताटात घेऊन गॅलरीत यायचे. मी खिडकीतून विचारलं, काय सर, पंगतीशिवाय जेवण चाललंय, सिद्धांत बुडाला ना? या इकडे जेवायला.

"निरीक्षण करून राहिलो," सर म्हणाले. आले नाहीत.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही नवराबायको एका बारशाला गेलो. परतायला बराच उशीर झाला. खिडकी उघडली तर समोर सर, मांडीवर ताट. वरणावर साय धरलेली, पोळीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

माझ्या जिभेवर एक झकास टोमणा तयार होता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी तो गिळला. तिनं टेबल ओढून पार खिडकीला लावलं.

"सावकाश वाढा गा," सर पलीकडून म्हणाले. "मले काही घाई नाही."

बारशाचं जेवण घशाशी आलं होतं. बायकोनं दोन पानं वाढली, आणि आम्ही जेवायला बसलो.